स्प्रिंगला मारलेली थाप

जमीन मोजणी खात्यात नकाशे काढणारे एक आरेखक गेले तीन आठवडे जेवताना बोलत नव्हते, आणि बोललेच तर फक्त इंचांत बोलत होते.

“दोन की चार?” त्या दिवशी ताटाकडे बघत त्यांनी स्वतःलाच विचारलं.

“एकच,” समोर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. “रक्तदाबाची गोळी एकच घ्यायची, डॉक्टरांनी बजावलंय तुम्हाला.”

“गोळ्या नाहीत हो, आई. इंच. गाडी दोन इंच उचलावी की चार, ते ठरत नाहीये.”

“उचलायची कशाला? चालत नाही का?”

यावर त्यांची बायको फक्त हसली. ती एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होती. दिवसभरात वीस-पंचवीस माणसं या खाटेवरून त्या खाटेवर हलवून आलेल्या बाईला उचलण्याच्या गोष्टीचं फारसं कौतुक वाटत नाही.

खात्यात या आरेखकांना सगळे मिलिमीटर म्हणत. त्यांनी काढलेल्या नकाशात एखादी रेषा केसभर सरकलेली कुणाला दाखवता आली नव्हती, म्हणून हे नाव पडलं होतं. ते अंगकाठीलाही बरं शोभायचं, ही गोष्ट वेगळी. बावीस वर्षं त्यांनी डोंगर काढले होते. कुठला डोंगर कुठे चढतो, कुठे उतरतो, कुठे दोन माथ्यांमध्ये खिंड पडते, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. मात्र यातल्या एकाही डोंगरावर त्यांचा पाय कधी लागला नव्हता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी काढलेला एक दुमाथ्याचा डोंगर तर त्यांच्या मनात घर करून बसला होता. त्या डोंगरावर एकदा जायचं, एकट्याने जायचं, थर्मासमधली कॉफी प्यायची आणि कुणाशीही एक शब्द न बोलता परत यायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी दोन महिन्यांपूर्वी एक जुनी फोर बाय फोर गाडी घेतली होती. वाट दगडगोट्यांची, त्यामुळे गाडीला नव्या उंच स्प्रिंगा बसवणं भागच होतं.

खात्यात या विषयातला एकच जाणकार होता. आवक-जावक विभागातला कारकून. त्याला सगळे एक्स्पर्ट म्हणत. तो ऑफिसला बसने यायचा आणि घरी बसने जायचा, परंतु मोबाइलवर त्याने जगातला एकही चिखल बघायचा सोडला नव्हता.

“दोन इंच?” एक्स्पर्ट म्हणाला. “साहेब, दोन इंच उंची लोक बुटाच्या टाचेने वाढवतात. गाडी चार इंच उचला. चौकात उभी राहिली की लोकांनी मान वर करून बघितलं पाहिजे.”

मान वर करून आपल्याकडे कुणीतरी बघतंय, ही कल्पना मिलिमीटरांना बरीच आवडली. पण शेवटी सवय आडवी आली. संध्याकाळी ते राहत्या इमारतीच्या बेसमेंटमधल्या पार्किंगमध्ये गेले आणि टेप लावून त्यांनी रॅम्पच्या तोंडावरचा लोखंडी बार मोजला. आत छताखालून आगीच्या पाण्याचा पाइप गेला होता. उंच वाहन घुसून तो फुटू नये म्हणून दोन खांबांमध्ये हा बार बोल्टांनी आडवा बसवलेला होता. बारची उंची सहा फूट साडेपाच इंच. गाडीची उंची सहा फूट तीन. दोन इंच उचलली तर वर अर्धा इंच मोकळा राहत होता. चार इंच उचलली तर गाडी रस्त्यावर राहत होती, आणि इमारतीसमोरच्या रस्त्यावर एका बाजूला ‘गाडी लावू नये’ असं लिहिलं होतं व दुसऱ्या बाजूला ‘लावल्यास उचलून नेण्यात येईल’ असं.

“दोन,” त्यांनी घरी येऊन जाहीर केलं.

“झोपायच्या आधी घ्या,” सासूबाई म्हणाल्या.

*

गॅरेजचा मिस्त्री साठीचा होता, कमी बोलणारा. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, चारी कोपऱ्यांवर हात टेकवून ती दाबून पाहिली आणि डॉक्टर विचारतात तशा आवाजात विचारलं, “गाडीत कायम वजन किती असणार?”

“म्हणजे?”

“म्हणजे रोजचं. पुढे गाडी ओढायची विंच लावलीय? लोखंडी बंपर? टपावर तंबू? पाण्याचे कॅन, हत्यारांची पेटी? त्या वजनाच्या हिशेबाने स्प्रिंग निवडायची असते. इंच तर काय, कुणीही सांगेल. खरा प्रश्न वजनाचा.”

गाडीत कायम असणारं वजन म्हणजे स्वतः मिलिमीटर, त्यांचा जेवणाचा डबा आणि एक छत्री. हे तिथे सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण बरोबर आलेला एक्स्पर्ट बाजूला उभा होता, आणि शेजारीच एक दणकट माणूस आपल्या चिखलाने माखलेल्या गाडीला टेकून ऐकत होता. अशा वेळी डबा आणि छत्री हे शब्द तोंडातून बाहेर पडत नाहीत.

“आहे ना,” मिलिमीटर म्हणाले. “विंच येतेय. बंपर येतोय. तंबू तर... तंबू आहेच.”

“तीनशे किलो धरू?”

“धरा.”

“खरं सांगा हं,” मिस्त्री म्हणाला. “माणसाला मारलेली थाप एखादवेळी पचते. स्प्रिंगला मारलेली लगेच कळते.”

“तीनशेच,” मिलिमीटर म्हणाले, आणि त्या दणकट माणसाने त्यांच्याकडे पाहून मान डोलावली. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दिलेला हा पहिला चुकीचा आकडा.

चार दिवसांनी गाडी मिळाली. “आत्ता रिकामी आहे म्हणून जास्त उंच दिसेल,” मिस्त्री किल्ली देताना म्हणाला. “सामान चढवलंत की बरोबर दोन इंचांवर येऊन बसेल.” मिलिमीटर ऐकत नव्हते. ते गाडीकडे बघत होते. तिच्यात चढायला त्यांना एक हात दाराला, एक हात स्टीअरिंगला आणि पाय पायरीला लावावा लागला, आणि चढून बसल्यावर समोरून जाणाऱ्या बसमधल्या प्रवाशांच्या नजरेला त्यांची नजर भिडली. एवढ्यावरच त्यांचे पैसे वसूल झाले. पुढे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांच्या मणक्यांनी एकेक करून मोजला, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. डब्यातल्या सगळ्या पदार्थांचा मात्र ऑफिसपर्यंतच्या वीस मिनिटांत एकच पदार्थ झाला.

संध्याकाळी साडेसहाला ते इमारतीच्या रॅम्पपाशी आले आणि ‘खण्ण’ असा आवाज झाला.

मिलिमीटर उतरले. टेप काढली. गाडी सहा फूट सात इंच भरली. पुन्हा मोजली. सात इंचच. तीनशे किलोंसाठी घेतलेल्या स्प्रिंगा तीनशे किलोंची वाट बघत ताठ उभ्या होत्या. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. मागे दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांची गाडी होती, तिच्यामागे दाताच्या डॉक्टरांची, आणि त्यांच्यामागे आणखी दोन.

“काय झालं?” वकिलांनी काच खाली करून विचारलं.

“दीड इंच,” मिलिमीटर म्हणाले.

“कशाचे?”

हे समजावत बसण्यापेक्षा मिलिमीटरांनी चारी टायरांची हवा सोडायला घेतली. गाडी हळूहळू खाली बसली, बारखालून जेमतेम सरपटली आणि आपल्या जागेवर जाऊन पडली. मागच्या चारही गाड्या त्यांच्याकडे बघत बघत आत गेल्या. डोकं वापरून प्रश्न सोडवला म्हणून मिलिमीटर खूश होते. सकाळी त्यांनी पंपाने टायर टम्म भरले, नेहमीप्रमाणे आठ वाजून दहा मिनिटांनी गाडी काढली, आणि रॅम्पच्या वरच्या टोकाला पोचल्यावर पुन्हा ‘खण्ण’ झालं. या वेळी आतून.

हवा काढली तर ऑफिसला जाता येत नव्हतं आणि भरली तर घराबाहेर पडता येत नव्हतं. मागे, चढावर, वकिलांची गाडी. तिच्यामागे डॉक्टर. त्यांच्यामागे चौथ्या मजल्यावरच्या ग्रंथपाल बाई, ज्यांनी सतरा वर्षांत वाचनालय एक मिनिटसुद्धा उशिरा उघडलं नव्हतं.

“साडेनऊला माझी सुनावणी आहे!” वकील ओरडले.

“माझा पेशंट खुर्चीत बसला असेल, तोंड उघडून!” डॉक्टर ओरडले.

“मागे घ्या की सगळे,” मिलिमीटर म्हणाले.

“चढावर? रिव्हर्समध्ये? मी?” ग्रंथपाल बाई म्हणाल्या, आणि त्यांनी हॅंडब्रेक आणखी एक खटका वर ओढला.

त्याच वेळी मेट्रन खांद्याला पर्स लावून बसस्टॉपकडे निघाल्या होत्या. त्या थांबल्या. नवऱ्याकडे, बारकडे आणि रांगेकडे त्यांनी एकेकदा पाहिलं.

“अहो, किती वजन कमी पडतंय?”

“अडीचशे किलो तरी पाहिजेत,” मिलिमीटर हळू आवाजात म्हणाले.

मेट्रन वळल्या. वॉर्डात वापरायचा आवाज त्यांनी लावला. “वकीलसाहेब, उतरा. वजन किती तुमचं?”

“हा प्रश्न मला—”

“वजन.”

“एकशे बारा.”

“डॉक्टर?”

“चौऱ्याहत्तर.”

“बाई?”

“त्रेसष्ट,” ग्रंथपाल बाई पुटपुटल्या. “म्हणजे पूर्वी होतं.”

“दोनशे एकोणपन्नास,” मिलिमीटर गाडीतून म्हणाले. “एक किलो कमी आहे.”

“बाई, ती पुस्तकांची पिशवी घेऊन बसा,” मेट्रन म्हणाल्या.

तिघं पाठोपाठ आत चढले. दर माणसागणिक गाडी एक उसासा टाकून खाली आली. वकील बसले तेव्हा तर तिने चक्क मान तुकवली. गाडी आवाज न करता बारखालून बाहेर पडली, आणि तिघं उतरून चढ उतरत आपापल्या गाड्यांकडे पळाले. सुनावणी चुकली नाही. पेशंटने तोंड मिटलेलं होतं. वाचनालय मात्र तीन मिनिटं उशिरा उघडलं, आणि त्या गोष्टीची बाईंनी पुढे बरेच दिवस आठवण ठेवली.

*

मिलिमीटर त्याच दिवशी दुपारी गॅरेजवर धावले. मिस्त्रीने गाडी दाबून बघितली, आत डोकावून पाहिलं. मागच्या सीटवर छत्री पडली होती.

“हाच का तंबू?” त्याने विचारलं.

मिलिमीटरांनी छत्री उचलून काखेत घेतली.

“जुन्या स्प्रिंगा भंगारात गेल्या. मऊ स्प्रिंगा मागवतो, दोन महिने लागतील. तोवर तीनशे किलो वजन घालून फिरा. गाडी सोन्यासारखी चालेल.”

मिलिमीटरांनी वाळूची सहा पोती आणून गाडीत घातली. एक दिवस सगळं सुरळीत गेलं. दुसऱ्या दिवशी रहिवासी समितीचे अध्यक्ष, निवृत्त पोस्टमास्तर, नियमांची पुस्तिका उघडूनच दारात उभे राहिले. “नियम चौदा. बेसमेंटमध्ये बांधकामाचं साहित्य ठेवायला मनाई.”

“ते बांधकामाचं नाही, वजन आहे.”

“वाळू आहे ना? मग बांधकाम. माणसं ठेवा हवी तर. माणसांबद्दल नियम नाही.”

गाडी दोन महिने तशीच झाकून ठेवून बसने ऑफिसला जाता आलं असतं. पण मिलिमीटरांनी खात्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि एक्स्पर्ट रोज खिडकीत उभा राहून त्यांची वाट बघायचा. त्यामुळे रोज सकाळी आठ दहाला रॅम्पवर तोच सोहळा होऊ लागला. मिलिमीटर पुढे, मागे रांग, आणि मग तिघांनी चढायचं, बाहेर उतरायचं, परत चढ उतरून आपली गाडी घ्यायची. संध्याकाळी तेच उलट. चौथ्या दिवशी डॉक्टर घामाघूम होऊन म्हणाले, “तुम्ही माझ्या दवाखान्यावरूनच जाता ना? मग मी उतरू कशाला?”

“कोर्ट तर त्याच्याही अलीकडे आहे,” वकील म्हणाले.

ग्रंथपाल बाई तर उतरायला तयारच दिसत नव्हत्या. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या आणि त्यांनी पुस्तक उघडलं होतं.

अशा रीतीने ज्या माणसाला एकटेपणा हवा होता, त्याच्या गाडीला आठवड्याभरात वेळापत्रक आलं. कोर्ट आठ पस्तीस, दवाखाना आठ पंचेचाळीस, वाचनालय नऊला पाच कमी. परतीचं संध्याकाळी सहाला, उलट क्रमाने. एखाद्याला सुट्टी असेल तर बदली माणूस देण्याची जबाबदारी त्याची. एकदा वकिलांना ताप आला, तेव्हा त्यांनी आपला एक पक्षकार पाठवला. तो एकशे वीस किलोंचा होता, आणि त्याने रस्ताभर शेजारच्या जागेचा खटला मिलिमीटरांना समजावून सांगितला. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी गाडीतच वकिलांना सल्ला दिला, की तुम्ही वजन कमी केलं पाहिजे.

“किती?” मिलिमीटरांनी काळजीने विचारलं.

“तीसेक किलो तरी.”

“दोन महिने थांबा ना,” मिलिमीटर म्हणाले. “कृपा करा.”

डॉक्टर दातांचे होते, त्यामुळे वकिलांनी सल्ला मनावर घेतला नाही.

हे सगळं मिलिमीटर सोसत होते ते एका रविवारच्या आशेवर. त्या रविवारी दुमाथ्याच्या डोंगरावर जायचं त्यांनी पक्कं केलं होतं. एक्स्पर्टलाही बोलावून पाहिलं होतं, मोठ्या मनाने. पण प्रत्यक्ष चिखलाचं नाव काढताच त्याची पाठ धरली. तेही बरंच झालं. तिघांना त्यांनी अगदी अजिजीने विचारलं, “सकाळी सहाला फक्त बारखालून काढून द्याल का? तिथेच उतरा. नंतर झोपा परत.”

तिघंही हो म्हणाले. ते इतक्या पटकन हो म्हणाले, तेव्हाच मिलिमीटरांनी काय ते ओळखायला हवं होतं.

रविवारी सकाळी सहाला वकील टोपी घालून आले. डॉक्टरांच्या गळ्यात दुर्बीण होती. ग्रंथपाल बाईंनी डोंगरावरच्या पक्ष्यांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं, नाव नोंदवून. त्यांच्यामागून मेट्रन आल्या, आणि मेट्रनचा हात धरून, नवे पांढरे बूट घातलेल्या सासूबाई.

“गेटपर्यंतच ठरलं होतं ना?” मिलिमीटर म्हणाले.

“जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या, “गेटपर्यंत जायला कुणी पहाटे उठून आंघोळ करतं का?”

*

शहर संपेपर्यंत मिलिमीटर एक शब्द बोलले नाहीत. बाकीच्यांनी ती उणीव भासू दिली नाही. डांबरी रस्ता संपला, मातीची वाट लागली, मग गोटे, मग कोरडा ओढा. आणि इथे एक चमत्कार झाला. गेले कित्येक दिवस हाडं खिळखिळी करणारी ती गाडी पाळण्यासारखी चालू लागली. दगडावर चढली तरी कळेना, उतरली तरी कळेना. सासूबाईंना ओढ्यातच डुलकी लागली. मिस्त्रीने सांगितल्याप्रमाणे तीनशे किलो वजन आज माणसांनीच पुरेपूर भरलं होतं.

शेवटचा चढ उभा होता, बारीक खडीचा. वकिलांना दया आली. “आपण उतरू या. गाडीला हलकं वाटेल.”

सगळे उतरले. मिलिमीटरांनी गाडी पुढे घातली. हलकं वाटल्याबरोबर ती टणाटणा उड्या मारू लागली, चाकं हवेत गरगर फिरली, खडीचा एक फवारा वकिलांच्या टोपीवर पडला आणि गाडी घसरत घसरत पुन्हा त्यांच्यापाशी येऊन थांबली.

“बसा,” मिलिमीटर खिडकीतून म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. “बसा परत सगळे. तुमच्याशिवाय नाही जमत.”

वकील मधोमध बसले. गाडी खाली दबली, चाकांनी खडी पकडली आणि एका दमात ती वर गेली.

खिंडीत पोचल्यावर मिलिमीटर उतरले आणि थोडं पुढे जाऊन उभे राहिले. डाव्या हाताचा माथा जरा बसका, उजव्या हाताचा निमुळता. दोन्हींच्या मध्ये ही खिंड, अगदी त्यांनी बावीस वर्षांपूर्वी काढली होती तशी. उतारावरची सगळी वळणं जिथल्या तिथे होती. एकही वळण त्यांना न विचारता इकडेतिकडे गेलं नव्हतं. थर्मास गाडीतच राहिला होता.

सासूबाई काठी टेकत शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“इथून, बरोबर आपल्या पायाखालून, साडेसातशे मीटर उंचीची रेषा जाते, आई,” मिलिमीटर म्हणाले.

सासूबाईंनी वाकून नीट बघितलं. “मला नाही दिसत.”

“ती दिसत नसते.”

“मग इतकी वर्षं तुम्ही काढत काय होतात?”

मिलिमीटरांना हसू आवरेना. ते एकटेच मोठमोठ्याने हसत सुटले. मागे ग्रंथपाल बाई पुस्तकात बघून पक्षी ओळखत होत्या, डॉक्टर दुर्बिणीतून तो पक्षी तो नव्हे असं सांगत होते, आणि वकील दोघांची बाजू आळीपाळीने मांडत होते. मेट्रननी थर्मास उघडून कॉफी सहा पेल्यांत ओतली. प्रत्येकाच्या वाट्याला दोन घोट आले.

“तुम्हाला एकट्यानं यायचं होतं, मला माहीत होतं,” मेट्रन नवऱ्याच्या हातात पेला देत म्हणाल्या. “पण एकटे आला असतात तर त्या खडीवरूनच परत गेला असतात.”

तेही खरं होतं. तरी मिलिमीटरांनी मनाशी ठरवलं, की मऊ स्प्रिंगा बसल्या की पुन्हा यायचं, एकट्याने, कॉफीचे बाराच्या बारा घोट प्यायचे.

*

मऊ स्प्रिंगा वेळेवर आल्या. या वेळी मिस्त्रीने वजन विचारलं तेव्हा मिलिमीटर एका श्वासात म्हणाले, “बावन्न किलोंचा मी, डबा आणि छत्री.” मिस्त्रीने प्रथमच त्यांच्याशी हात मिळवला.

रिकामी गाडी आता सहा फूट पाच इंच भरली. बारखालून ती सुळकन आत गेली, वर अर्धा इंच मोकळा ठेवून. मिलिमीटरांनी त्याच संध्याकाळी तिघांच्या दारावर जाऊन हात जोडले. “फार त्रास दिला तुम्हाला. उद्यापासून तुम्ही मोकळे.”

“अरे वा,” वकील म्हणाले.

“छान झालं,” डॉक्टर म्हणाले.

ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “एकोणचाळीस पानं राहिलीयेत माझी.” आणि त्यांनी दार लावलं.

दुसऱ्या दिवशी मिलिमीटर एकटे ऑफिसला गेले. गाडी मऊ चालत होती. कुणी बोलत नव्हतं, कुणी कुठे उतरत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांना स्वर्ग दोन इंचांवर वाटला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की कोर्टाजवळचा सिग्नल फारच वेळ लाल राहतो. पाचव्या दिवशी ते दवाखान्यासमोर थांबले, आणि मागच्या गाडीने हॉर्न दिल्यावर आपण का थांबलो हे त्यांना आठवेना. पण ही गोष्ट त्यांनी कुणाजवळ काढली नाही. एवढा खटाटोप करून मिळवलेली शांतता आता आवडत नाही असं म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने?

पुढच्या सोमवारी ते आठ दहाला रॅम्पवरून वर आले आणि टपावर काहीतरी जोरात आपटलं.

मिलिमीटर उतरले. त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. टेप लावली. बार सहा फूट साडेचार इंचांवर होता. शनिवारपर्यंत तो सहा फूट साडेपाचवर होता. खांबांवर जुन्या बोल्टांची भोकं रिकामी दिसत होती, आणि बरोबर एक इंच खाली नवी पाडलेली भोकं चकचकत होती. खांबालाच एक सूचना चिकटवलेली होती. ‘आगीच्या पाइपाच्या अधिक सुरक्षेसाठी बार एक इंच खाली घेण्यात येत आहे. ठराव एकमताने मंजूर.’ खाली अध्यक्षांची सही. मग सूचक म्हणून वकिलांची, अनुमोदक म्हणून डॉक्टरांची, आणि ठरावाची भाषा तपासल्याबद्दल ग्रंथपाल बाईंची.

त्याखाली पाचवी सही मेट्रनची होती.

मिलिमीटरांनी मागे पाहिलं. रॅम्पवर एकही गाडी नव्हती. नुसती माणसं उभी होती. वकील फायली घेऊन, डॉक्टर डबा घेऊन, बाई पिशवी घेऊन. आज मेट्रनही बसस्टॉपकडे गेल्या नव्हत्या. सगळेजण पाइपाकडे बघत होते, तो आजच पहिल्यांदा दिसल्यासारखे.

“यात तुझीही सही?” मिलिमीटर बायकोला म्हणाले.

“अहो, गाडी तुमच्या मनासारखी झाली ना?” मेट्रन म्हणाल्या. “मग बार आमच्या मनासारखा.”

मिलिमीटरांनी टेप गुंडाळून खिशात टाकली. खोटं रागावण्याचा त्यांना सराव नव्हता, त्यामुळे त्यांनी तो नाद सोडला आणि गाडीचं मागचं दार उघडून धरलं.

“चढा,” ते म्हणाले. “कोर्टाला आधीच चार मिनिटं उशीर झालाय.”

“आणि हे बघा,” आत शिरता शिरता वकील डॉक्टरांच्या कानाशी लागून म्हणाले, “ते तीस किलोंचं आता काढायचंच नाही हं.”